मुनीर मिस्तरीनं बांधलेलं सूप

दवाखान्यात नवा मानूस आला का पहिले वर भितीकडे पाहाते आन् मंग मले इचारते, "मावशी, त्या नंबरच्या बोर्डावर सूप काहून बांधलं?"

"ऊन लागू नये म्हून."

"बोर्डाले?"

"हो, बोर्डाले. तुह्या डोक्यावर नाही का टोपी."

मंग तो हासते. हासला का मले मुनीर मिस्तरीचं सांगाच लागते, आन् सांगता सांगता त्याचा नंबर निघून जाते. डॉक्टरबाई आतून वरडते, "मावशी, गोष्ट संपली असन तं पेशंट पाठवा." गोष्ट काही संपली नसते. तवा म्हनलं, एकदा सगळी सांगूनच टाकतो.

हा आमच्या पांढरकवड्याचा डोळ्याचा दवाखाना, धर्मादाय, हायवेच्या आंगाले. मी त्याच्या पायरीवर बसतो. बसाले लागली तवा माह्या जवळ काही नोतं. आमचे मालक, पोरीचा बाप, जिनिंगात कापसाच्या गठानीखाली सापडून गेले. त्याच जिनिंगात मी सरकी वेचो. मंग जिनिंगच बंद पडली. पोरगी राळेगावाकडे देल्ली होती, तिच्या घरी तिचंच भागत नोतं, तिच्या दारात कुठं जाऊन बसू. मी दुसरीपर्यंत शिकली. तिसरीत असतांनी शाळेत ढोरं बांधाले लागले, मंग आमी ढोरामांगं गेलो. तवा लिहिन्यावाचन्याचं काम कोन देईन. दवाखान्याच्या पायरीवर सावली होती म्हून बसली, आन् बसली ते बसलीच.

तवा नंबर-बिंबर नोते. लोकं सकाळच्या पहिल्या एस्टीनं येत, दारासमोर चपला लाइनीत ठेवत आन् लिंबाखाली जाऊन बसत. चप्पल सरकली का मानूस सरकला. पन जोड ठेवला का जोडच चोरी जाये, आन् मंग भांडनं. म्हून मी कायदा केला. एक चप्पल लाइनीत, एक पायात. एका पायाची चप्पल कोनी चोरत नाही. मंग काय, आमच्या आवारात जो तो एका पायानं फटक फटक आन् दुसऱ्या पायानं चुपचाप चाले. नवीन मानूस दारातच थांबे आन् म्हने, हा डोळ्याचाच दवाखाना हाय ना, पायाचा तं नाही.

जातांनी लोकं माह्या हातावर काही ठेवत. कोनी नानं, कोनी भाकर, कोनी घरचे वांगे. त्याच्यावर माह्यं चाले. कोनाची कोनती चप्पल, मले डोळे मिटून मालूम. डोळे मिटूनच म्हना, कारन डाव्या डोळ्यानं मले सगळं धुकं दिसे आन् उजवा बी त्याच रस्त्यानं चाललता. पन कोनाले सांगतलं नाही. जिले दिसत नाही तिले कोन राखन करू देते.

एक दिवस मॅनेजरसाहेब बाहेर आले. मानूस वाईट नाही, पन त्याले सगळं साफसूफ पाह्यजे. चपला पाह्यल्या का त्याच्या पोटात दुखे.

म्हने, "मावशी, सोमवारपासून मशीन लागून राह्यली. चिठ्ठी निघन, बोर्डावर नंबर येईन. चपला बंद."

मी म्हनलं, "आन् मी?"

"तुमी आता आराम करा."

आराम काय ताटात वाढून खातेत. पदर खोचला आन् चपला सरळ केल्या.

सोमवारी मुनीर मिस्तरी आला. फटफटीच्या मांगं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी दोरीनं बांधलेलं, जसं काही बिमार सासूले घेऊन आला. उंच, हाडकुळा, कानावर सुतार पेन्सिल ठेवते तसा टेस्टर ठेवलेला. दाढी होती, ते मले कळलं. कशी होती ते मले तवा दिसत नोतं. त्याचं हासनं पहिले येये आन् तो मांगून येये. दवाखान्यातल्या लोकाइले तो आल्याचं हासन्यावरून कळे, फटफटीच्या आवाजावरून नाही.

गावात मेन बाजारात त्याचं दुकान. पहिले रेडिओ दुरुस्त करे. रेडिओ गेले. मंग लग्नातले भोंगे लावे. त्याच्यावर डीजे आला. मंग त्यानं हे नंबरचे बोर्ड धरले. बँकेत लावले, बाजार समितीत लावले, पार ढाणकीपर्यंत जाऊन लावून आलता. म्हने, "मावशी, मी जे जे दुरुस्त कराले शिकलो ते ते दुनियेनं बंद केलं. आता हे नंबर कवा बंद होतेत ते पाहू." आन् हासला. दुसरा कोनी रडला असता.

पन हे मंगचं. त्या दिवशी त्यानं मले पानी मांगतलं आन् मी म्हनलं, "नळ तिकडे हाय."

"काहून वं मावशी, रागात हाय का?"

"तू माह्या पोटावर मशीन लावून राह्यला."

"मशीन हाय ते. सवत थोडीच हाय."

"सवत बरी. तिच्याशी भांडता तं येते."

त्यानं शिडी धरली होती, ती हासता हासता सुटली आन् मॅनेजरसाहेबाच्या कुंडीवर पडली. गुलाबाचं झाड मोडलं. तो हात जोडून साहेबाले सॉरी म्हने, आन् माह्याकडे पाहून परत हासे. मी तोंड फिरवलं. मलेही हासू येऊन राह्यलतं, पन ते त्याले काहून दाखवू.

दुपारपर्यंत त्यानं बोर्ड चढवला. साहेब म्हने, "चला, चालू करा, टेस्टिंगचे नंबर पळवून पाहा."

मुनीरनं कान धरले. "नाही साहेब. बोहनी बाकी हाय."

"कसली बोहनी?"

"मशीनची. दुकानात पहिला गिऱ्हाइक खोटा चालते का? नाही ना. तसंच हाय. पहिलाच नंबर खोटा लावला का मशीनले आदत लागते, मंग जिंदगीभर खोटं बोलते. पहिला नंबर खऱ्या बिमाराचा पाह्यजे. मी कुठंच खोटा नंबर लावत नाही."

आता खरा बिमार कुठून आनता. बोर्ड लावाचा म्हून साहेबानं त्या दिवशी गेट बंद ठेवलतं. आवारात मी एकटी. मुनीर माह्या समोर येऊन उकिडवा बसला.

"मावशी, डोळा दुखते का?"

"नाही."

"पानी येते?"

"नाही."

"मंग तू माह्याशी बोलतांनी त्या खांबाकडे काहून पाहातं?"

मले तो तिकडेच दिसून राह्यलता.

त्यानं टर्रकन चिठ्ठी काढली आन् माह्या मुठीत कोंबली. वर टिंग झालं. लाल लाल काहीतरी पेटलं. "एक नंबर," तो दवाखानाभर वरडला, "एक नंबरवाल्या मावशी आत या." जिंदगीत मी कशात पहिली आली ते त्याच दिवशी.

आत डॉक्टरबाईनं डोळ्यात उजेड टाकला. "मावशी, तुमी दारात कवापासून बसता?"

"लय वर्षं झाले."

"मंग कवा आत काहून नाही आल्या?"

"नंबर नोता."

बाईनं डोक्याले हात लावला. म्हने, मोतीबिंदू हाय, ऑपरेशन लागन. मी म्हनलं पाहू. दोन दिवसात पायरी सुटून राह्यली होती, डोळ्याचं काय घेऊन बसू.

पन पायरी दोन दिवसात सुटली नाही, कारन मशीन चालली आन् गोंधळ झाला. आता तुमीच सांगा, डोळ्याच्या दवाखान्यात भितीवर नंबर लावाचा. ज्याले दिसत नाही म्हून तो आला, त्यालेच म्हनाचं का वाच. डोळ्यात औषध टाकलं का मानूस घंटाभर डोळे मिटून बसते. त्याच्या डोक्यावर टिंग टिंग होये, आन् तो बाजूच्याले इचारे, "कोनता आला?" बाजूच्याचे बी डोळे मिटलेले. तो त्याच्या बाजूच्याले इचारे. असं इचारत इचारत ते बाकड्याच्या टोकापर्यंत जाये, आन् टोकावर भिंत.

त्याच्यावर त्या चिठ्ठ्या. गुळगुळीत कागद, गरम झाला का काळा पडे. आमच्याकडचा उन्हाळा. बायाइनं चिठ्ठ्या झंपरात ठेवल्या, बुढ्याइनं टोपीत. एकीनं तं गरम भाकरीच्या फडक्यात बांधली, हरपू नये म्हून. दुपारी नंबर आला आन् सगळ्याइनं चिठ्ठ्या काढल्या तं सगळ्या काळ्या. राळेगावाकडचा एक बुढा हातावर चिठ्ठी घेऊन म्हने, "माह्या चिठ्ठीवर तं रात झाली."

आन् तिसरं, ऊन. बोर्डाचं तोंड मावळतीकडे. दुपार टळली का ऊन सरळ बोर्डावर, आन् ज्याले दिसते त्याले बी काही दिसत नाही. साहेबानं मुनीरले बोलावलं. तो शिडीवर चढला, हातानं सावली धरली, नंबर दिसला. हात काढला, नंबर गेला. मंग खोका लावला, तो वाऱ्यानं उडाला. मंग त्यानं आपली टोपी धरली. मंग साहेबाची फाईल धरली. मंग खालती पाह्यलं. मी तूर पाखडत बसली होती.

"मावशी, सूप दे."

"नाही देत. तूर पाखडून राह्यली."

"तूर उद्या पाखडजो. नंबर आज दिसला पाह्यजे."

"माह्यं सूप हाय ते, बुरडाकडून घेतलेलं, नवं कोरं."

"मंग बोर्ड काय जुना हाय? दोघं जोडीले जोडी होतेत."

मी देल्लं. देल्लं कायले, त्यानं शिडीवरून वाकून वढून घेतलं, तूर पायरीवर सांडली. तारेनं सूप बोर्डावर वाकवून बांधलं, जसं काही नवरीनं कपाळावर पदर घेतला. नंबर साफ दिसाले लागला. लिंबाखालच्या लोकाइनं टाळ्या वाजवल्या. साहेब बाहेर आले, म्हने, "हे काय? काही शोभा?"

"टेम्परवारी हाय साहेब."

तेच टेम्परवारी सूप तुमी आज पाहून राह्यले.

चिठ्ठ्याचं त्यानं दुसरं काढलं. तेलाच्या पिप्याचा पत्रा गोल गोल कापला आन् खिळ्यानं ठोकून त्याच्यावर नंबर पाडले. म्हने, डोळे मिटलेला मानूस बी अंगठ्यानं चाचपून वाचन. पिशवीभर बिल्ले घेऊन आला, ऐटीत. डॉक्टरबाईनं एक हातात घेतला, चाचपला, परत चाचपला.

"मिस्तरी, हे उलटं हाय."

त्यानं मांगून ठोकलते. मांगून सरळ ठोकलं तं पुढून उलटंच निघन. सगळी पिशवी उलटी. तो तसाच जमिनीवर बसला आन् डोळ्यातून पानी येईस्तोवर हासला. बाईही हासली, कंपाउंडर हासला, मी बी हासली. चोरून नाही. त्याच्यासमोर. मंग दुसऱ्या पिप्याचा पत्रा कापून त्यानं सगळे परत ठोकले, याखेपी उलटे म्हंजे सरळ.

बिल्ले झाले, सूप झालं, मशीन सुधरली. साहेब खुशीत म्हने, "आता बिल्ले खिडकीतून देऊ." म्हंजे मी गेली. साहेबानं माह्याकडे पाह्यलं नाही, पन मुनीरनं पाह्यलं. मी पायरीच्या फटीत राह्यलेली तूर एक एक वेचून वटीत टाकून राह्यली होती.

मुनीर म्हने, "साहेब, एक राह्यलं. या मॉडेलले बाहेरून बटन लागते."

"आत डॉक्टरबाईजवळ हाय ना बटन?"

"ते आतलं. हे बाहेरचं. बाहेर एक ऑपरेटर पाह्यजे, कायमचा. पेशंट बाहेर आला का त्यानं दाबाचं, नाही तं मशीनवर लोड येते आन् कंपनी वारंटी देत नाही."

साहेब कोनाले भीत नाही, वारंटीले भीतेत. वारंटी म्हनलं का त्याचा चेहरा बाप वारल्यासारखा होये. "मंग ऑपरेटर कुठून आनू?"

मुनीरनं कानावरचा टेस्टर काढला आन् माह्याकडे दाखवला. "ही काय बसली."

असं माह्यं बटन लागलं. दारावरच्या घंटीचं असते तसं, पांढरं, लाकडाच्या फळीवर बसवलेलं. त्याची वायर भितीवरून वर जाऊन सुपामांगं बोर्डात. दवाखान्यानं पगार बी बांधून देल्ला, थोडका, पन महिन्याले. मुनीरनं मले शिकवलं. "हळू दाब, हळू सोड. घाईनं सोडलं तं दोन नंबर पडतेत." पेशंट बाहेर आला का मी दाबो, आन् वर टिंग, नंबर पलटे. सगळं आवार माह्या एका बोटावर चाले. घरी गेली तरी ते बोट मी पान्यात घालत नोती.

कवा कवा मी दाबाच्या पहिलेच नंबर पलटे. मी मुनीरले सांगतलं. तो म्हने, "तुह्या बोटाची गरमीच पोचते त्याले." मी म्हनलं, असन बापा.

आन् ते पालीचं सांगतलं पाह्यजे. पावसाळ्यात रोज दिवेलागनीच्या आधी बोर्ड येडा होये. आठच्या जागी शून्य दाखवे. अडुसष्टचा नंबर आला का वर साठ दिसे. साठवाला केवाच तपासून, औषध टाकून, लिंबाखाली चहा पिऊन राह्यलेला. तो धावत परत आत जाये, म्हने मले परत बोलावलं. एका गड्यानं असं दोनदा औषध टाकून घेतलं. तिसऱ्यांदा आला तवा बाई म्हने, "भाऊ, तुमाले आवडून राह्यलं का हे?" आन् खरा अडुसष्टवाला बाहेर बसून म्हने, आपला नंबर या सरकारात लागत नाही.

मुनीरनं बोर्ड खाली काढला. सगळ्या वायरी सोडल्या, पुसल्या, परत जोडल्या. वर लावला. संध्याकाळी परत शून्य. परत काढला. असं चारपाच दिवस. त्यानं कंपनीले फोन लावला, कंपनीनं त्याले दुसऱ्या कंपनीचा नंबर देल्ला. शेवटी त्यानं म्हनलं आज शिडीवरच बसून राहातो. बसला, बिडी ना चहा. दिवेलागनीले सुपातून एक पाल निघाली, मोठी, आरामात चालत आली आन् आठाच्या मधल्या कांडीवर आडवी झोपली. तिथं ऊब लागे तिले, आन् उजेडावर किडे बी येत.

मुनीरनं टेस्टरनं तिले हळूच ढोसलं. ती पडली ते सरळ त्याच्या सदऱ्यात. मंग तो शिडीवर नाचला, शिडी नाचली, लोकं उठून उभे राह्यले, ज्याइच्या डोळ्यात औषध होतं त्याइनं बी डोळे उघडले. खाली आला तवा धापा टाकत म्हने, "मावशी, कंपनीचा मानूस सापडला."

दिवस गेले. डॉक्टरबाई ऑपरेशनाचं म्हनतच राह्यली आन् मी टाळतच राह्यली. दुसऱ्या डोळ्यात बी दूध उतरलतं. आता मले चपला बोटानंच वळखा लागत. चपला म्हंजे हो, त्या परत आल्यात. बिल्ले हरपत, म्हून मी ते चपलेच्या पट्ट्यात अडकवून चप्पल लाइनीत ठेवो. साहेबाच्या पोटात दुखलं, पन मी म्हनलं, वारंटीचं मिस्तरीले इचारा. ते आत गेले.

बाई एक दिवस चिडली. "मावशी, पार आंधळ्या व्हाल."

"बटन कोन दाबन?"

"अहो, बटनाचं काय..." बाई थांबली. खोकलली. म्हने, "मिस्तरीशी बोला."

मिस्तरीशी बोलली. तो म्हने, "मी बसतो ना तुह्या जागी. आईची आन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोट उचलत नाही."

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, मी खाटेवर चित. हलाचं नाही म्हनलं. पडल्या पडल्या एकच इचार, मुनीर बाहेर नीट दाबत असन ना, घाईनं सोडत तं नसन. तेवढ्यात शेवयाचा वास आला आन् मांगून त्याचं हासनं.

"मावशी, माह्या बायकोनं पाठवल्या. तोंड उघड." बाजूले स्टूल वढून बसला, मले चमच्यानं शेवया चारल्या आन् सुरू झाला. भोंग्याच्या दिवसातली गोष्ट. एका लग्नात माईक चालू राह्यला, आन् नवरीचा बाप आन् नवऱ्याचा मामा मांडवामांगं जाऊन गुपचूप भांडाले लागले. गुपचूप भांडन चार गावाइले ऐकू गेलं. "मावशी, नवऱ्याचा मामा म्हनला, तुमचं वरन पातळ हाय. तं नवरीचा बाप म्हनला..."

बाहेर टिंग झालं.

"...नवरीचा बाप म्हनला का, वरन पातळ हाय पन..."

परत टिंग.

मुनीर थांबला. चमचा वाटीत थांबला. इतक्या वर्षात मी त्याले पहिल्यांदा चुप ऐकलं. त्याचा श्वास बी ऐकू येये. तो माह्या खाटेजवळ, मी पट्टी बांधून चित, पायरीवर कोनी नाही, आन् बाहेर नंबर सुरळीत चाललेले. टिंग.

तवा मले सगळं कळलं. ती वायर कुठंच जात नोती. कवाच गेली नोती.

मले राग आला. मंग तो राग कुठं ठेवाचा ते समजलं नाही. पट्टीखाली पडल्या पडल्या म्हनलं, हा मानूस, बोहनीले खोटा नंबर लावू देत नाही, साहेबासमोर कान धरते. त्यानं जिंदगीत एकच खोटं जोडलं, ते माह्या बोटाखाली. साहेबाले कळलं असतं तं याले तालुक्यात कोनी बोर्ड लावू देल्ला नसता. बोर्ड गेले असते तं त्याच्याजवळ आता दुसरं शिकाले काही राह्यलं नोतं.

मी म्हनलं, "बोल ना. नवरीचा बाप काय म्हनला?"

तो बारीक आवाजात म्हने, "मावशी... बटनावर मी लिंबाखालच्या चहावाल्याले बसवून आलो."

"बरं केलं. हात चांगला हाय चहावाल्याचा. दोन नंबर पडू देत नाही."

मंग त्याचं हासनं आलं, पहिले पोटातून, मंग नाकातून, आन् मले बी आलं. मी हालू नये म्हनलतं, तरी खाट हालली. नर्सबाई धावत आली आन् त्याले शेवयाच्या वाटीसकट बाहेर काढलं. नवरीचा बाप काय म्हनला ते मले आजपर्यंत मालूम नाही.

दुसऱ्या दिवशी बाईनं पट्टी सोडली. बाई दिसली, खिडकी दिसली, आन् दारात मुनीर. मेहंदीनं रंगवलेली इतकी लाल दाढी मी कवा पाह्यली नोती.

"मिस्तरी, हे काय लावून घेतलं तोंडाले?"

"पाह्यलं बाई, पाह्यलं हिनं," तो सगळ्या वार्डाले सांगत सुटला.

मी परत पायरीवर आली आन् परत बटन दाबाले लागली. हळू दाबाचं, हळू सोडाचं. त्यानं इचारलं नाही, मी सांगतलं नाही. काम तसंही लय होतं. ज्याइच्या डोळ्यात औषध त्याइले हात धरून आत न्या, बिल्ले वाटा, बिल्ले परत घ्या, चपला सरकवा. कोनी इचारलं, मावशी तुमचं काम काय, तं मी म्हनो, बटन.

त्याले मी शेवटचं पाह्यलं ते गेल्या उन्हाळ्यात. गुडघे गेलते त्याचे. पोरगा आदिलाबादले राहाते, तो न्याले आला होता. म्हने, आता शिडीचं काम नाही, अब्बा, चला. मुनीर निघाच्या दिवशी फटफटीवर दवाखान्यात आला. हासला, पन हासनं आन् तो बरोबरच आले, मांगं पुढं नाही. चप्पल काढली, एक लाइनीत ठेवली, एक पायात.

"नंबर लाव मावशी माहा."

"डोळा दुखते का?"

"नाही."

"मंग?"

"जाता जाता बोर्ड पाहून घेतो म्हनलं."

शिडी लावली. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, हळूहळू चढला. कंपाउंडरनं शिडी धरली. त्यानं सूप जरा वर उचललं, आन् आता मले साफ दिसते, म्हून मी बी पाह्यलं. माही वायर भितीवरून वर गेलती, सुपामांगं, आन् तिथं एका खिळ्याले बांधलेली. बाजेच्या दोरीले देतेत तशी पक्की गाठ. तिच्या टोकाले काही नाही. धूळ पुसून पुसून ठेवलेली वाटे, इतकी साफ.

तो त्या गाठीजवळ लय वेळ होता. सोडली, परत बांधली, वढून पाह्यली.

मी खालून म्हनलं, "मिस्तरी, कशी हाय वायर?"

"जरा सैल झालती. आता चालन."

"पाहू का दाबून?"

"पाह्य."

तेवढ्यात आतून पेशंट बाहेर आला. मी दाबलं. हळू दाबलं, हळू सोडलं. टिंग झालं, नंबर पलटला. तो शिडीवरून बोर्डाकडे पाहे, मी खालून पाहो. तो म्हने, "एकदम फस्ट क्लास."

खाली उतरला, कंपाउंडरच्या पाठीवर थाप मारली, फटफटीले किक मारली आन् गेटातून निघाला. एक पाय चपलेतला, एक उघडा.

मी उठून वरडली, "मिस्तरी, चप्पल."

त्यानं वळून नाही पाह्यलं, नुसता हात वर केला. हायवेवर एक ट्रक मधात आला. ट्रक गेला तवा रस्ता रिकामा होता.

ती चप्पल इसरला का ठेवून गेला, मले मालूम नाही. मी रोज सकाळी ती लाइनीत पहिली ठेवतो, दवाखाना बंद झाला का उचलून पायरीखाली ठेवतो. लोकं इचारतेत, मावशी, हा पहिला नंबरवाला कुठं हाय? मी म्हनतो, चहा प्याले गेला, येऊन राह्यला. कोनी ती सरकवत नाही. आन् एका पायाची हाय, चोरी जाते म्हनाचा बी प्रश्न नाही.